बाईचं रक्त कमी का, हे कोणी विचारणार आहे का?

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री आणि मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य.
प्रत माहितीसाठी : विदर्भातले सर्व आमदार व जिल्हा शल्यचिकित्सक

विषय : मोठ्या आतड्याचा कर्करोग, त्यातल्या जनुकांच्या तपासण्या आणि खेड्यातल्या बायका

महोदय,

गेल्या महिन्यात आमच्या गावात महिला आरोग्य शिबिर झालं. ग्रामपंचायतीसमोर मंडप होता, बायकांची चांगली गर्दी होती, आशाताईंनी घरोघरी फिरून बायका गोळा केल्या होत्या. सगळ्यांचं एचबी तपासलं. तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कर्करोगांची विचारपूस झाली. ज्यांचं रक्त कमी निघालं त्यांना लाल गोळ्यांच्या पट्ट्या मिळाल्या. माझ्यापुढे साठीच्या एक काकू होत्या, त्यांचं एचबी आठच्या खाली. पाळी जाऊन कित्येक वर्षं झालेली. मी डॉक्टरांना विचारलं, यांना आतड्याची तपासणी सांगणार का? भला माणूस होता, चिडला नाही. म्हणाला, "मॅडम, फॉर्ममध्ये तो रकानाच नाही."

रकाना नाही हे खरंच आहे, त्यात त्या डॉक्टरांचा दोष नाही. म्हणून हे पत्र त्यांना नाही, आपल्याला.

मी दारव्हा तालुक्यात कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. माझी आई मोठ्या आतड्याच्या कर्करोगानं गेली. तिचा सख्खा धाकटा भाऊ, माझा मामा, त्याच रोगातून वाचला आणि आज वावरात जातो. त्या दोघांची आई, माझी आजी, पन्नाशीच्या आत गर्भाशयाच्या कर्करोगानं गेली होती. ही तीन नावं एका कागदावर एकाखाली एक कोणत्याही दवाखान्यानं लिहिली नाहीत. ती लिहिली गेली असती, तर काय कळलं असतं ते पुढे सांगते.

आधी आईचं. ती बरेच दिवस थकत होती. कापूस वेचता वेचता धुऱ्यावर जाऊन बसायची. कोणी काही म्हटलं तर, "बाईच्या जातीले थकवा असतेच, त्याले कायले दवाखाना?" उपकेंद्रातून गोळ्या मिळाल्या, त्यानं संडास काळी व्हायला लागली, आणि गोळ्यांनी तसं होतंच म्हणून त्या रंगाकडे कोणी लक्ष दिलं नाही. एचबी साताच्या आसपास आल्यावर एका सरकारी दवाखान्यात रक्त चढवलं. सिकलसेलची (रक्ताच्या एका आनुवंशिक आजाराची) तपासणी झाली. ती करायलाच हवी होती, विदर्भात ती आधी न करणारा डॉक्टर चुकतोच. ती निगेटिव्ह आली आणि विचारणं तिथंच थांबलं. ज्या बाईची पाळी बंद झाली आहे, जिला सिकलसेल नाही, जी दोन वेळ जेवते, तिचं रक्त जातं कुठं, हा प्रश्न कोणाच्याही तोंडून निघाला नाही. पुन्हा गोळ्या, पुन्हा रक्त. पोटात उजव्या बाजूला गोळा हाताला लागला तेव्हा सोनोग्राफी झाली.

मामाच्या बाबतीत असं झालं नाही. त्याला संडासात ताजं लाल रक्त दिसलं. थोडे दिवस मूळव्याधीचं गावठी औषध झालं, पण नंतर तालुक्याच्या सर्जननं बोटानं तपासलं, गोळा लागला, बायोप्सी झाली, नागपूरला रवानगी. त्याचा गोळा गुदाशयात होता, बोट पोचेल एवढ्यावर.

एका घरावरून नियम निघत नाही, हे मी वर्गात रोज सांगते. पण इथं घर आणि शास्त्र एकच सांगतात. मोठ्या आतड्याचा कर्करोग एकूण पुरुषांना जास्त होतो, आणि त्यांच्यात तो डाव्या बाजूला व गुदाशयात जास्त सापडतो. बायकांमध्ये उजव्या बाजूच्या गाठींचं प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त असतं, वयस्क बायकांमध्ये तर आणखी. उजवीकडे आतडं रुंद, आतला मळ पातळ. तिथली गाठ आतड्याचा मार्ग लवकर अडवत नाही, पोट दुखत नाही, रक्त थेंबाथेंबानं मळात मिसळून जातं आणि डोळ्यांना दिसत नाही. बाहेर दिसतो तो फक्त थकवा आणि उतरलेलं एचबी. डावीकडची गाठ बोंबलून सांगते, उजवीकडची गप्प राहते. आणि नेमकं बाईचं कमी एचबी हेच आपल्याकडे कोणाला खटकत नाही.

खटकणार तरी कसं? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायका रक्तक्षयी निघाल्या, त्याच वयाचे पुरुष २५ टक्के. निम्म्याहून जास्त बायकांचं रक्त कमी असेल, तर कमी असणं हेच नेहमीचं ठरतं. आणि मोजणी बघा कुठं थांबते : एकोणपन्नासाव्या वर्षी. २०१८ पासूनच्या ‘ॲनिमिया मुक्त भारत’ मोहिमेतही लहान मुलं, किशोरवयीन, गरोदर, स्तनदा आणि मूल होण्याच्या वयातल्या बायका असे सहा गट आहेत. पाळी गेलेली बाई त्या सहांत कुठंच बसत नाही. मूल व्हायचं वय सरलं की सरकारच्या हिशेबातून तिचं रक्तही सरतं, असा याचा अर्थ कोणी काढला तर मी त्याला चूक म्हणणार नाही. ब्रिटनमधल्या पोटविकार तज्ज्ञांचं मार्गदर्शन उघड सांगतं, की पुरुष किंवा पाळी गेलेली बाई, लोहाच्या कमतरतेचा रक्तक्षय असेल तर आतड्याची तपासणी करा. आपल्याकडे लाल गोळी दिली की फाइल बंद.

दुसरी तक्रार जास्त तांत्रिक आहे, पण आपल्या अधिकाऱ्यांना ती समजेल.

शस्त्रक्रियेत काढलेला आतड्याचा तुकडा फेकत नाहीत. तो मेणात बसवून ठेवतात. आईचा ब्लॉक मी हातात घेतला आहे : प्लास्टिकच्या जाळीदार डबीत बसलेला मेणाचा चौकोन, नखाएवढा करडा डाग, आणि कडेला पेन्सिलीनं लिहिलेला नंबर (शाई रसायनात धुऊन जाते म्हणून पेन्सिल). एवढ्याशा तुकड्यात आईच्या रोगाची निम्मी माहिती होती, आणि ती कोणी काढून घेतली नव्हती. बायोप्सीच्या अहवालात ‘ॲडेनोकार्सिनोमा’ (ग्रंथींच्या पेशींतून होणारा कर्करोग) लिहिलं, टप्पा तिसरा लिहिला, आणि केमो सुरू झाली.

हा कर्करोग एका नावाचा असला तरी आतून एक नसतो. बहुतेक गाठींमध्ये सुरुवात एपीसी या जनुकाच्या बिघाडानं होते, पुढे टीपी५३ सारखी इतर जनुकं बिघडतात. साधारण ४० टक्के गाठींमध्ये केआरएएस बिघडलेलं असतं, आणि अशा रुग्णाला सेटुक्सिमॅबसारखं महागडं इंजेक्शन लागू पडत नाही. जनुक न तपासता कोणी वावर गहाण टाकून ते इंजेक्शन घेतलं, तर पैसे गेले आणि त्रास उरला. बीआरएएफ नावाचा बिघाड साधारण दहांतल्या एका गाठीत सापडतो. तो पुरुषांपेक्षा बायकांमध्ये जास्त, त्यातही वयस्क बायकांच्या उजव्या बाजूच्या गाठीत जास्त. रोग पसरल्यावर तो दिसला तर औषधांची आखणीच बदलावी लागते. केआरएएस बिघडलेल्या गाठी पुरुषांमध्ये जास्त आक्रमक का होतात, याचा एक धागा २०२३ मध्ये अमेरिकन संशोधकांना उंदरांवरच्या प्रयोगात, फक्त पुरुषांत असणाऱ्या वाय गुणसूत्रावरच्या केडीएम५डी या जनुकात सापडला. म्हणजे बाई आणि बुवा हा फरक गाठीच्या आतपर्यंत आहे, आणि जगातले शास्त्रज्ञ तो मोजत बसले आहेत. आमच्याकडे अहवालात रुग्णाचं लिंग फक्त नावापुढं लिहायच्या कामाचं.

या सगळ्यात एक तपासणी अशी आहे, की तिच्यासाठी मोठी यंत्रं लागत नाहीत. पेशी दुभंगताना डीएनएची नक्कल होते आणि नकलेत चुका राहतात. त्या चुका पकडणारी चार प्रथिनं म्हणजे एमएलएच१, एमएसएच२, एमएसएच६ आणि पीएमएस२ : वह्या तपासणाऱ्या बाईच समजा. ती रजेवर गेली की चुका साचत जातात. ब्लॉकचे पातळ काप रंगवून ही चार प्रथिनं आहेत की नाहीत ते बघता येतं. कापांना रंग देण्याची ही पद्धत स्तनाच्या गाठींसाठी पॅथॉलॉजीवाले रोज वापरतात. आतड्याच्या सुमारे १५ टक्के गाठींमध्ये ही दुरुस्ती बिघडलेली असते.

ते कळल्यानं तीन गोष्टी ठरतात. दुसऱ्या टप्प्यातल्या अशा रुग्णाला एकट्या फ्लुरोयुरासिलच्या केमोचा फायदा होत नाही, तेव्हा उगाच देऊ नये. पसरलेल्या रोगात प्रतिकारशक्ती जागवणारी औषधं अशा गाठींवर चांगली चालतात. अमेरिकेत २०१७ पासून त्यांना मान्यता आहे. २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयानं गुदाशयाच्या अशाच गाठी असलेल्या पहिल्या १२ रुग्णांना फक्त असं औषध दिलं, आणि बाराच्या बारा जणांची गाठ शस्त्रक्रियेशिवाय दिसेनाशी झाली. औषधं लाखांच्या घरातली आहेत, ती सगळ्यांना उद्या द्या असं मी म्हणत नाही. पण कोणाला उपयोगी आहेत ते कळायची तपासणी तेवढी महाग नाही.

तिसरी गोष्ट घराण्याची. वयस्क बाईच्या गाठीत एमएलएच१ नसेल आणि बीआरएएफ बिघडलेलं असेल, तर तो दोष बहुधा त्या गाठीपुरता, मुलांनी घाबरायचं कारण नाही. पण आईच्या ब्लॉकमध्ये एमएसएच२ आणि एमएसएच६ नव्हते. रोग परत आल्यावर मीच मागे लागून, खिशातून पैसे भरून ही तपासणी करून घेतली. महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या खिडकीवर "हे यात बसत नाही" एवढंच उत्तर मिळालं, तोंडी. मग मामाचं रक्त तपासलं, आणि दोष जन्मजात निघाला. याला लिंच सिंड्रोम म्हणतात. आई किंवा बाप, कोणाकडूनही येतो, आणि प्रत्येक मुलाला, मुलगा असो की मुलगी, येण्याची शक्यता निम्मी. पुरुषाला आतड्याचा धोका बाईपेक्षा जास्त. बाईला आतड्याच्या जोडीला गर्भाशयाचा, जवळपास तेवढाच मोठा, आणि अंडाशयाचाही. आजीचं गर्भाशय, आईचं उजवं आतडं आणि मामाचं गुदाशय ही एकाच दोषाची तीन रूपं होती.

आता ती तीन नावं एका कागदावर का आली नाहीत ते ऐका. आईच्या केस पेपरवर तिचं सासरचं आडनाव आणि नवऱ्याचं नाव. मामाच्या पेपरवर माहेरचं. दोघं काही काळ एकाच मोठ्या रुग्णालयात, एकाच इमारतीत उपचार घेत होते, आणि रुग्णालयाच्या लेखी ते एकमेकांचे कोणी नव्हते. "घरात कोणाला कॅन्सर?" असं आईला विचारलं होतं. आई म्हणाली, नाही. तिच्या दृष्टीनं घर म्हणजे आमचं घर, आणि आमच्या घरात खरंच कोणाला नव्हता. लग्न झालेल्या बाईला माहेरचं वेगळं विचारावं लागतं, एवढी साधी गोष्ट कोणाला सुचली नाही.

आणि हे काही नवं शास्त्र नाही. १८९५ मध्ये अमेरिकेत मिशिगनला आल्ड्रेड वॉर्थिन नावाच्या डॉक्टरांना त्यांच्याकडे शिवणकाम करणारी बाई म्हणाली, आमच्या घरातली माणसं पोटाच्या नाहीतर गर्भाशयाच्या कर्करोगानं जातात, मीही तशीच जाणार. वॉर्थिननी तिचं म्हणणं हसण्यावारी नेलं नाही. तिच्या नात्यातल्या माणसांची यादी केली आणि १९१३ मध्ये छापली. ती बाई गर्भाशयाच्या कर्करोगानंच गेली. तिच्या घराण्यातला दोष एमएसएच२ चा आहे, हे २००० साली सिद्ध झालं. डॉक्टरांनी एका शिलाईवालीला तिचं कुळ विचारलं, आणि एका रोगाचा शोध लागला.

केमोबद्दल थोडंच सांगते. फ्लुरोयुरासिलचा त्रास बायकांना पुरुषांपेक्षा जास्त होतो, हे अनेक अभ्यासांत आलेलं आहे. डीपीवायडी या जनुकात दोष असेल तर हे औषध शरीरातून नीट बाहेर पडत नाही आणि जिवावर बेतू शकतं. युरोपात २०२० पासून औषध देण्याआधी ती तपासणी करण्याची शिफारस आहे. आईचं तोंड आतून सोललं होतं, पाणीसुद्धा पिता येत नव्हतं. तिला "थोडं सहन करा" सांगितलं गेलं. सहन करणं तिला शिकवायची गरज नव्हती.

एक गोष्ट आमच्याच समाजाची, तीही इथं सांगितलीच पाहिजे. मामाला मुलगा आणि मुलगी. मुलाची रक्ततपासणी झाली. मुलीची नको म्हणून मामी अडून बसली आहे : "पोरीचं लगन व्हायचं हाय, दोष निघाला तर कोन करन तिले?" मामीचं चुकतं, पण ती मूर्ख नाही. गावात दवाखान्याची बातमी किती वेळात फिरते ते तिला माहीत आहे. ज्या मुलीला दर एक-दोन वर्षांनी दुर्बिणीची तपासणी करून सुखानं म्हातारं होता येईल, ती आज तपासणीच करत नाही, कारण अहवाल गुप्त राहील याची हमी कोणी देत नाही.

तर मागण्या अशा.

पाळी गेलेल्या कोणत्याही बाईचा आणि कोणत्याही पुरुषाचा लोहाच्या कमतरतेचा रक्तक्षय ‘गोळ्या देऊन घरी’ या खात्यात टाकू नये. तरुण बाईचं एचबीही गोळ्या नीट घेऊन वाढत नसेल तर तेच. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा सांगणारी रक्ततपासणी), मळातल्या लपलेल्या रक्ताची तपासणी, आणि गरज असेल तर दुर्बिणीसाठी नाव-तारखेसह चिठ्ठी, हा क्रम प्राथमिक आरोग्य केंद्राला परिपत्रकानं कळवा. मळाच्या तपासणीचा निकष ठरवताना एक ध्यानात घ्या : ती बायकांमधली गाठ पुरुषांपेक्षा जास्त वेळा चुकवते. स्वीडनमध्ये स्टॉकहोम भागात म्हणूनच बायकांसाठी ४० मायक्रोग्रॅम आणि पुरुषांसाठी ८० मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅम मळ अशी वेगळी रेघ आखली, म्हणजे बायकांना कमी रक्त दिसलं तरी पुढची तपासणी. आणि गोळ्या चालू असताना संडास काळी होते म्हणून विषय सोडून देऊ नका, हे आशाताईंच्या प्रशिक्षणात घाला. त्यांना हे सांगितलं तर त्या करतील. गावात बाईचं दुखणं आधी त्यांनाच कळतं.

विदर्भातल्या कोणत्या जिल्हा रुग्णालयात कोणत्या वारी मोठ्या आतड्याची दुर्बीण होते, याची यादी रुग्णालयांच्या दारावर लावा. जिथं होत नाही तिथं कधी सुरू होणार ती तारीख लावा. पुसदच्या किंवा अहेरीच्या बाईला पोट साफ करायचं औषध पिऊन बसनं नागपूर गाठायला सांगणं ही तपासणी न करण्याचीच पद्धत आहे.

मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या प्रत्येक ब्लॉकवर चार प्रथिनांची तपासणी, वय न बघता, सक्तीची करा. पसरलेल्या रोगात केआरएएस, त्याच्याच जातीचं एनआरएएस आणि बीआरएएफ या जनुकांचीही. सगळ्या महाविद्यालयांत यंत्रं बसवायची गरज नाही. नखाएवढा ब्लॉक टपालानं जातो. नागपूरला सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, एम्स आहे, सेवाग्राम जवळ आहे. एक केंद्र ठरवा, मुदत ठरवा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेचं संरक्षण आता पाच लाखांचं आहे असं आपण जाहिरातीत सांगता. त्यात या तपासण्या बसतात की नाहीत ते लेखी जाहीर करा. बसत असतील तर खिडकीवर फलक लावा, नसतील तर बसवा.

केस पेपरवर माहेरचा रकाना घाला. आई, बाप, भावंडं, मामा, मावशी, आत्या : कोणाला, कोणत्या वयात, कोणत्या अवयवाचा. गर्भाशयाच्या कर्करोगाच्या बाईलाही हेच विचारा, कारण लिंचची पहिली खूण पुष्कळदा तिथंच दिसते.

जन्मजात दोष निघालेल्या रुग्णाच्या रक्ताच्या नातेवाइकांना मोफत तपासणी आणि समुपदेशन द्या, आणि अहवाल गुप्त ठेवण्याची जबाबदारी कोणा एका अधिकाऱ्याच्या नावानं निश्चित करा. मुलींच्या बाबतीत तर विशेष.

नागपूर आणि वर्ध्याला कर्करोगाची नोंदणी चालते. विदर्भातल्या सगळ्या जिल्ह्यांची आकडेवारी बायका-पुरुष वेगळी, आणि गाठ उजवीकडे, डावीकडे की गुदाशयात, अशी फोडून दरवर्षी मराठीत प्रसिद्ध करा. मग एचबी कमी असलेल्या किती बायकांना निदानाआधी नुसत्या गोळ्या मिळाल्या, तेही त्याच कागदावर येऊ द्या.

या पत्राचं उत्तर मला व्यक्तिशः नको आहे. उत्तर म्हणून परिपत्रक काढा आणि ते यवतमाळ जिल्ह्यातल्या प्रत्येक आरोग्य केंद्रात पोचवा. तीन महिने वाट बघून काय निघालं, कुठवर पोचलं, हे मी माहितीच्या अधिकारात विचारणार आहे. शिबिरातल्या त्या काकूंना मी स्वतः तालुक्याला घेऊन जाते आहे, त्यांच्यासाठी आपल्या परिपत्रकाची वाट बघायची नाही. मात्र त्या रांगेत त्यांच्या मागेही बायका होत्या, आणि सगळ्यांना तालुक्याला न्यायला माझ्याकडे तेवढ्या रजा नाहीत.

आपली,
दारव्हा तालुक्यातील एक शिक्षिका